रोजची एक गोळी

मोठ्या आजाराला समाजात एक प्रकारचा मान असतो. शस्त्रक्रिया झाली की पाहुणे येतात, धर्मगुरू घरी येऊन रुग्णाभ्यंग देतात, शेजारच्या भगिनी जमून जपमाळ म्हणतात, कोणी जेवणाचा डबा पाठविते. परंतु जखम भरली, गळालेले केस पुन्हा उगवले, आणि बाई रविवारच्या मिस्साला आपल्या नेहमीच्या बाकावर येऊन बसली, की सर्वांच्या मते आजार संपला. त्यानंतर पाच वर्षे, प्रसंगी दहा वर्षे, रोज एक लहानशी गोळी घ्यावयाची असते, आणि त्या गोळीचे स्वतःचे असे एक दुखणे असते, याची वार्ता फारशी कोणास नसते. त्या दुसऱ्या, बिनमानाच्या दुखण्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. गेली तीन वर्षे ते आमच्या अंगी आहे, आणि या साप्ताहिकाच्या वाचकांतही ते मुकाट्याने सोसणाऱ्या भगिनी असतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

स्तनाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांमध्ये रोगाच्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली असे दाखविले, की अंडाशय काढून टाकले असता काही स्त्रियांच्या गाठी आटतात. 'संप्रेरक' ही कल्पनाही तेव्हा रूढ झालेली नव्हती. पुढे १९६२ साली इंग्लंडमधील एका रसायन-कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या विदुषीने टॅमॉक्सिफेन हे द्रव्य तयार केले. हेतू होता संततिनियमनाचा. तो साधला नाही. परंतु तेच द्रव्य स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी ठरले आणि १९७३ साली ब्रिटनमध्ये त्यास मान्यता मिळाली. एका कामास निरुपयोगी ठरलेली वस्तू दुसऱ्या कामास कोनशिला व्हावी, हा परमेश्वराच्या कारभारातील परिचित प्रकारच म्हणावा लागेल.

ही औषधे काय करतात, ते घरगुती दृष्टांताने सांगतो. रोगपेशीच्या दाराला एक कुलूप आहे आणि इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली आहे, असे समजा. टॅमॉक्सिफेन त्या कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवते. खरी किल्ली आत जाऊ शकत नाही. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीच्या शरीरात चरबी, स्नायू वगैरे ठिकाणी थोडे इस्ट्रोजेन तयार होतच राहते. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे किल्ली घडविणाऱ्या लोहाराचेच दुकान बंद करतात. आम्हांस लेट्रोझोल दिलेले आहे. परंतु इस्ट्रोजेन काही केवळ रोगाचेच अन्न नव्हे. हाडे, सांधे, झोप, त्वचा आणि मनाचा तोल या सर्वांस त्याचा आधार असतो. लोहाराचे दुकान बंद पडले म्हणजे चोराप्रमाणेच घरच्या माणसांचीही अडचण होते.

आम्ही भोपाळला चार इमली येथे राहतो. नावाचा अर्थ चार चिंचा. सरकारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची ही वसाहत झाडांमुळे पुष्कळ शीतल आहे. तरी वैशाखातले भोपाळ ते भोपाळच. बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असता आतूनही छातीपासून टाळूपर्यंत वाफ उसळावी, लुगडे घामाने भिजावे आणि पाच मिनिटांनी हुडहुडी भरावी, हा अनुभव शब्दांत सांगणे कठीण आहे. रात्री असे तीनचार वेळा झाले म्हणजे झोप कसली! पहाटे उठावे तर बोटे आखडलेली. जपमाळेचे मणी पुढे सरकविण्यासही ती राजी नसत. कणीक मळण्याचे काम आमच्या यजमानांकडे गेले. मिस्सामध्ये गुडघे टेकण्याच्या वेळी आम्ही बसून राहू लागलो. एक परिचित बाई प्रेमाने म्हणाल्या, "ताई, देवाने जीव वाचवला, हे काय थोडे झाले?"

थोडे मुळीच नव्हे. परंतु या वाक्याने तोंड बंद होते, दुखणे बंद होत नाही. जिवंत असल्याचा आनंद आणि गुडघ्याची कळ ही दोन्ही एकाच देहात राहू शकतात. उपकाराची जाणीव ठेवणाऱ्याने तक्रार करू नये, अशी समजूत एकदा मनात बसली, की बाई वैद्यासमोरही "बरे आहे" एवढेच सांगते. मग एके दिवशी, कोणास न विचारता, गोळी घेणे थांबविते. असे करणाऱ्या स्त्रिया जगभर पुष्कळ आहेत. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून ही गोष्ट वारंवार दिसून आली आहे. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात गोळ्यांचे पाकीट हाती धरून आम्हीही रात्री बराच वेळ बसलो होतो, आणि मनात एकच विचार होता: हिच्यावाचून उद्याची सकाळ कशी हलकी जाईल!

ती गोळी आम्ही त्या रात्री घेतली, याचे श्रेय एका आकड्याला आहे. अशा प्रकारच्या रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि हा लाभ गोळी थांबल्यानंतरही अनेक वर्षे टिकतो, असे हजारो स्त्रियांच्या नोंदींवरून सिद्ध झालेले आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांत आमच्या गोळीच्या जातीची औषधे त्याहूनही थोडी सरस ठरली आहेत. पाकिटातील ती गोळी हातावर हलकी असली, तरी तराजूत हलकी नव्हती.

येथे श्रद्धेचा एक प्रश्न उभा राहतो. दुःख प्रभूच्या क्रूसाशी जोडून अर्पण करावे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो आणि त्यावर आमचा विश्वास आहे. मग दुखण्यावर उपाय मागणे ही श्रद्धेतील उणीव आहे काय? आमच्या मते नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः पित्याजवळ प्याला दूर होण्याची विनंती केली. विनंती करून मग त्याने तो स्वीकारला. बेनसिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखण्यास सांगतो आणि औषधे ही देवाचीच निर्मिती मानतो. जे टळण्याजोगे आहे ते टाळावे, आणि उरेल ते अर्पण करावे. टळण्याजोगे दुःख लपवून ठेवणे याला अर्पण म्हणत नाहीत.

म्हणून आम्ही दुसऱ्या दिवसापासून एक वही केली. वाफा किती वेळा आल्या, झोप किती झाली, कोणता सांधा केव्हा धरला, हे तारीखवार लिहिले आणि तपासणीच्या वेळी वही डॉक्टरांच्या पुढे ठेवली. "बरे आहे" या दोन शब्दांनी जे वर्षभर झाले नव्हते, ते त्या वहीने एका बैठकीत झाले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे गोळी थांबविली आणि नंतर त्याच जातीची दुसरी, अनास्ट्रोझोल, सुरू केली. एक औषध सोसत नसले तरी दुसरे सोसते, असे पुष्कळदा घडते. मात्र हा विराम आणि हा बदल त्यांच्या हातचा होता, आमच्या मनचा नव्हता. या दोहोंत मोठे अंतर आहे.

दुसरा उपाय चालण्याचा. सांधे दुखत असता चालावे, हे ऐकून प्रथम हसू येते. परंतु अमेरिकेतील येल विद्यापीठात अशाच औषधांनी सांधे धरलेल्या स्त्रियांना वर्षभर आठवड्यास दीडशे मिनिटे चालणे आणि दोन वेळा वजनांचा व्यायाम करावयास लावले, तेव्हा त्यांची वेदना सुमारे तीस टक्क्यांनी उतरली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या घराजवळ एकांत पार्क आहे. पहिली दहा मिनिटे गुडघे कुरकुरतात, मग गंज उतरलेल्या बिजागरीप्रमाणे सैल होतात. आता यजमान आणि आम्ही रोज सकाळी तेथे जातो व चालता चालता जपमाळेचे एक दशक म्हणतो.

या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. म्हणून आरंभीच आणि पुढेही ठरावीक काळाने हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, किंवा गरज पडल्यास हाडे बळकट करणारी औषधे डॉक्टर देतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या भगिनींनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसला, किंवा एकाच पायाच्या पोटरीस सूज आली अथवा एकाएकी धाप लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. वाफांवर औषधे आहेत, पण ती विचारूनच घ्यावीत; मनाच्या उदासीनतेवरील पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करू शकतात. संप्रेरके असलेली औषधे तर मनाने घेऊच नयेत. 'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार' असे सांगून कोणी पुडी दिली, तर तीही आधी डॉक्टरांस दाखवावी.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून लिहितो. या औषधांमुळे स्त्रीच्या अंगी कोरडेपणा येतो आणि पतिपत्नीचा सहवास दुःखदायक होतो. बोलणे होत नाही म्हणून पती त्याला नाराजी समजतो आणि पत्नी त्याला आपला दोष समजते. दोन्ही खरे नव्हे. ते गोळीचे काम आहे. संप्रेरक नसलेली साधी मलमे यावर मिळतात. डॉक्टरीणबाईंस विचारण्यात काहीही अनुचित नाही. विवाह हा संस्कार आहे. त्याची काळजी घेणे हेही धर्माचरणच आहे.

यजमानमंडळींस आमची विनंती आहे, की "गोळी घेतलीस का?" या प्रश्नाबरोबर "रात्री झोप लागली का?" हाही प्रश्न विचारीत जा. पहिला प्रश्न आजाराची चौकशी करतो, दुसरा माणसाची. धर्मग्रामातील मंडळींनी, मिस्साच्या वेळी बसून राहिलेल्या बाईकडे वळून पाहू नये. तिचे गुडघे टेकत नसले, तरी मन कदाचित सर्वांत आधी टेकलेले असेल.

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीस, संत अगाथाचा सण येतो. सिसिलीतील या कुमारी हुतात्म्याचे स्तन छळ करणाऱ्यांनी कापले, अशी परंपरा सांगते. म्हणून स्तनाच्या विकाराने पीडित स्त्रिया तिचा आश्रय घेतात. ११ फेब्रुवारीस, लूर्दच्या मातेच्या सणी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ठरविलेला जागतिक रुग्ण दिन असतो. या आठवड्यात आपल्या धर्मग्रामात अशी कोणी भगिनी असेल, तर तिच्यासाठी प्रार्थना करावीच. आणि जमल्यास एक दिवस तिची कणीकही मळून द्यावी. आमची आणखी दोन वर्षे उरली आहेत. सातशेतीस गोळ्या. त्या आम्ही एकेक करून घेणार आहोत.