प्रत आणि पाठ

एखाद्या गीताचें रूप एकच असावें, अशी समजूत छापील पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या समाजांत रूढ झाली आहे. वस्तुतः गीत हें एका कंठांतून दुसऱ्या कंठांत जाणारें आहे. गाणारा पालटला कीं ठेका पालटतो, प्रसंग पालटला कीं एखादें कडवें गळतें, आणि घर पालटलें कीं चालही पालटते. कोंकणांत गणेशचतुर्थीस दोन निरनिराळ्या घरीं आरतीस उभें राहणारास याचा प्रत्यय सहज येईल. आजवर या भेदाची अडचण कोणास वाटली नाहीं. कारण गाणें ऐकावयाचें होतें, त्याची सूची करावयाची नव्हती. संगणक आल्यापासून मात्र हें सूचीचें काम घरोघरीं येऊन पडलें आहे.

अंजनवेलीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं तें लांबणीवर टाकून चालत नाहीं. पावसाळ्याच्या दमट हवेनें आमच्या घरच्या कॅसेटींतील फितींना बुरशी धरूं लागली, तेव्हां पुण्यास असणाऱ्या आमच्या पुतण्यानें त्यांवरील सर्व गाणीं संगणकावर उतरविलीं. उतरविल्यावर यंत्रानें एकाच नांवाचीं गाणीं निवडून काढलीं आणि जादा प्रती पुसून टाकाव्या काय, असा प्रश्न केला. “काका, प्रत्येक गाण्याची एक चांगली प्रत ठेवूं, बाकीची अडगळ कशाला?” असें पुतण्याचें म्हणणें पडलें. आमच्या थोरल्या वहिनी मात्र हट्टास पेटल्या. “भाऊजी, कोणतें गाणें कोणाचें, हें त्या यंत्राला काय ठाऊक?” असें विचारून त्यांनीं निवाडा आमच्याकडे सोंपविला.

संस्कृत ग्रंथांशीं ज्याचा परिचय आहे, त्यास हा प्रश्न नवा नाहीं. तो प्रथम प्रत आणि पाठ यांमध्यें भेद करितो. लेखकानें मुळाची अक्षरशः नक्कल केली तर ती प्रत. शब्द किंवा क्रम निराळा आढळला तर तो पाठभेद. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य सुरू झालें, डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं त्यास शास्त्रीय शिस्त लाविली, आणि १९६६ सालीं संहितेचें काम पूर्ण झालें. त्यासाठीं १२०० हून अधिक हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. संपादकांनीं एक पाठ निवडून वर छापला, हें खरें. परंतु इतर पाठ त्यांनीं त्याच पृष्ठाच्या तळाशीं नोंदवून ठेविले. त्यांनीं निवड केली, पण पुरावा नष्ट केला नाहीं.

हाच न्याय गाण्यांस लावून पाहावा. ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणांतील ५६ गीतें सुधीर फडके यांच्या संगीतांत १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवरून दर आठवड्यास निरनिराळ्या गायक-गायिकांनीं गाइलीं. पुढें फडक्यांनीं तीं सर्व स्वतःच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलीं. शब्द तेच, संगीतकारही तोच. तथापि सीतेचें गीत माणिक वर्मांच्या कंठांतून ऐकणें आणि फडक्यांच्या कंठांतून ऐकणें या दोन गोष्टी होत. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकाचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. जितेंद्र अभिषेकींनीं संगीत दिलेल्या या नाटकांतील मकरंदाचें सुप्रसिद्ध पद नाटकांतच दोन चालींत येतें. कारण दोन घराण्यांची स्पर्धा हेंच तेथें नाट्याचें बीज आहे. केवळ नांव पाहून त्यांतील एक चाल पुसणारें यंत्र नाटकाचा अर्धा प्राणच हरण करील. जागतिक संगीतव्यवहारांतही रचनेस एक क्रमांक, आणि तिच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा चिन्हांचा निराळा क्रमांक, अशीच व्यवस्था आहे.

तेव्हां आम्हीं पुढील नियम घालून दिले. रचनेचें नांव एकाच शुद्धलेखनानें, देवनागरींत, शीर्षस्थानीं लिहावें. तिच्याखालीं प्रत्येक ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळ असावी; तींत गाणाराचें नांव, चाल, साल, प्रसंग आणि तें तबकडीवरून घेतलें कीं फितीवरून, याची नोंद करावी. एकच ध्वनिमुद्रण दोन-तीन संग्रहांतून आलें असेल तर तेवढ्याच प्रती समजाव्या, व त्यांतील स्वच्छ असेल ती ठेवावी. जेथें संशय येईल, तेथें दोन्ही ऐकून पाहिल्यावांचून कांहींही पुसूं नये.

या शेवटच्या नियमाचें महत्त्व लागलीच दिसून आलें. आमच्या कै. मातोश्रींचें गौरीचें एक गाणें दोन वेळां मुद्रित झालेलें होतें. एक १९८३ सालचें व दुसरें १९९६ सालचें. दुसऱ्यांत आवाज कांपरा, मागें पावसाचा धो धो नाद आणि एक कडवें गळलेलें. यंत्राच्या आणि पुतण्याच्याही दृष्टीनें तें त्याज्यच होतें. दोन्ही ऐकल्यावर वहिनींनीं उलगडा केला. पहिलें गाणें मातोश्रींनीं घरच्या चौघी जावांबरोबर म्हटलेलें, अर्थात् सासरच्या चालीवर. दुसऱ्या वेळीं त्या एकट्याच होत्या आणि चाल माहेरची, खाडीपलीकडच्या दाभोळची होती. ती चाल आतां आमच्या घरांत कोणासच येत नाहीं. आयुष्यभर सासरच्या सुरांत सूर मिळविणाऱ्या त्या माउलीचा स्वतःचा सूर ऐकण्याचें तेवढें एकच साधन शिल्लक होतें! पुतण्यानें मुकाट्यानें तीस स्वतंत्र ओळ दिली, आणि चालीच्या रकान्यांत ‘दाभोळ’ असें लिहिलें.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें, तेव्हां गाण्याच्या शेवटीं त्यांनीं आपलें नांव उच्चारलें होतें. तबकड्या परदेशांत घडावयाच्या, तेथील कारागिरांस गाणारी कोण हें कळावें, हा हेतु. आमच्या घरच्या फितींवर असें कोणींच बोलून ठेविलें नाहीं. वहिनी होत्या म्हणून निभावलें. आपल्या घरांतील आवाज ओळखणारीं वडील माणसें हयात आहेत तोंवरच, वाचकहो, त्यांस जवळ बसवून हीं नांवें लिहून घ्यावीं. आणि येत्या भाद्रपदांत कोणी मोबाइलवर गौरीचें गाणें मुद्रित करील, तर गाणारीस प्रथम तिचें नांव, गांव आणि चाल कोणाकडून आली तें सांगावयास लावावें.