गाळा विकला की नाही?

वऱ्हाडात ‘कौतिक’ हे बाईचे नाव असते. उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ कादंबरीची नायिका याच नावाची आहे. संसार ओढता ओढता ती झिजते. नावात असलेले कौतुक तिच्या वाट्याला मात्र फारसे येत नाही. माझे माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. लग्नानंतर ही कादंबरी प्रथम हाती आली तेव्हा कथानकापेक्षा त्या नावानेच मला अधिक अस्वस्थ केले होते.

आपल्या व्यापारी घरांतून कौतुक तसे जपूनच खर्चिले जाते. मुलाने सबंध हंगाम दुकान उत्तम सांभाळले तरी वडील ‘ठीक आहे’ एवढेच म्हणतात, आणि मुलालाही त्या दोन शब्दांचे मोल ठाऊक असते. स्तुतीने माणूस सैल पडतो अशी जुनी समजूत आहे. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु हाच नियम घरात कथा लिहिणाऱ्या व्यक्तीला लावला की तिची पंचाईत होते. दुकानाला गल्ला असतो. संध्याकाळी तो मोजला की दिवस कसा गेला ते कळते. कथा लिहिणारीने संध्याकाळी काय मोजावे?

गेली अकरा वर्षे मी दुपारच्या वेळी लिहीत आले आहे. दुकानाच्या बिलांचे काम आटोपले आणि सासूबाईंचा डोळा लागला की जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या पाठी काढून बसायचे. ‘यातून मिळते काय?’ हा प्रश्न घरात अधूनमधून निघे. त्यात कुत्सितपणा नव्हता. आमच्याकडे तो प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारतात. दोन कथा संपादकांकडून साभार परत आल्या. तिसरीचे काय झाले ते कळलेच नाही. सासूबाईंचे दुखणे वाढत होते, जीएसटीची विवरणपत्रे माझ्याकडे आली होती, वय सत्तेचाळीस झाले होते. चौथी कथा अकोल्याच्या एका लहान दिवाळी अंकाकडे पाठविली, ती ही शेवटची असे मनाशी ठरवूनच. कोणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात होते तरी काय?

कथेचे नाव ‘गाळा’. अकोल्याच्या जुन्या शहरात बांगड्यांचे दुकान चालविणारी एक विधवा, गाळा विकून मोकळी हो म्हणून मागे लागलेला तिचा दीर, आणि सौद्याच्या आदल्या दिवशी शटर अर्धे ओढून आत एकटी बसलेली ती. तेथेच मी कथा थांबविली होती.

कथा छापून आली. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाने त्या पानाचे छायाचित्र टाकले, आणि अर्ध्या तासात चौदा अंगठे उमटले. त्यांतील बारा जणांनी ते पान उघडलेही नसावे, असा माझा अंदाज आहे. त्यांचा राग नाही. लग्नाच्या आहेरासारखेच ते एक देणे असते, आणि न आले तर माणूस मोजतोच.

वहीपूजन होऊन तीन दिवस झाले होते. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, मंदिरातून आले आणि दुधाचा पेला हाती घेऊन त्यांनी एकाएकी विचारले, “सूनबाई, त्या बाईनं गाळा विकला की नाही?”

बाबूजींचे वय एक्क्याऐंशी. त्यांचे वाचन म्हणजे स्वाध्यायाचे ग्रंथ आणि वर्तमानपत्रातले कापूस-सोन्याचे भाव. कथा-कादंबरी त्यांच्या हाती मी कधी पाहिली नव्हती. मी म्हणाले, “बाबूजी, ते मी लिहिलेलं नाही.”

“लिहिलं नाही ते दिसतंच आहे. पण विकला की नाही?”

मला उत्तर सुचेना. मग तेच बोलू लागले. “कोपऱ्याचा गाळा आहे. दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक येतं. दीर म्हणतो त्या भावात तर मुळीच देऊ नये. फार तर भाड्यानं दे म्हणावं, मालकी सोडू नको. सांग तिला.”

‘सांग तिला’ हे दोन शब्द ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. कथा चांगली आहे असे बाबूजींनी म्हटले नव्हते. आजतागायत म्हटलेले नाही. पण मी बिलबुकाच्या पाठीवर रचलेल्या एका बाईच्या धंद्याची काळजी त्यांना रात्रभर लागली होती. तिचा गाळा कोपऱ्यावर आहे, हे कथेत एकाच वाक्यात आले होते. ते वाक्य त्यांनी हेरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात आमच्या मुनीमजींनी अंकाची प्रत मागून घेतली. परत करताना म्हणाले, “बाई, म्या तिले वयखलं.” कोणाला ओळखले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मानधनाचा तीनशे रुपयांचा धनादेश आला तेव्हा बाबूजींनी तो रोकडवहीत स्वतंत्र जमा करण्यास सांगितले. कर सल्लागारांनी हे उत्पन्न कोणते म्हणून विचारले, तर बाबूजी म्हणाले, “सूनबाईचं.” संगणकावर हिशोब असताना ती वही केवळ परंपरेने चालते, तरी त्या नोंदीचे मला फार अप्रूप वाटते.

एका प्रश्नाने एवढे बळ का यावे, याचा विचार करताना मला आपल्याच मुलखातले एक वकील आठवतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. नाटके आणि ‘सुदाम्याचे पोहे’तील विनोदी लेख यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. वि. स. खांडेकर १९२० पासून कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते. त्या उमेदीच्या काळात त्यांनाही कोल्हटकरांचे प्रोत्साहन लाभले, आणि तेही कोल्हटकरांना आपले वाङ्मयगुरू मानीत राहिले. पुढे ‘ययाति’साठी खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कोल्हटकर नसते तर ‘ययाति’ झाली नसती, असा हिशोब मांडणे भाबडेपणाचे होईल. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कोर्टकचेरीच्या व्यापात असलेल्या, स्वतःचे नाव झालेल्या माणसाने नवख्याचे लेखन मन लावून वाचण्यासाठी सवड काढली.

याहून जुनी हकिकत आपल्या वाङ्मयातलीच आहे. महाकवी पुष्पदंत स्वतःला ‘अभिमानमेरु’ म्हणवीत. राजदरबारांना विटून ते मान्यखेटास आले होते. राष्ट्रकूटांचा मंत्री भरत याने त्यांना घरी ठेवून घेतले आणि इ. स. ९५९ मध्ये अपभ्रंशातील ‘महापुराणा’स आरंभ झाला. आदिपुराण पुरे झाल्यावर मात्र कवीचे मन उडाले. लेखन थांबले. तेव्हा भरताने जवळ बसून विचारपूस केली, पुढे लिहिण्याची विनवणी केली, आणि ९६५ मध्ये ग्रंथ सिद्धीस गेला. भरताचा पुत्र नन्न याच्या आश्रयाने त्यांनी लिहिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली आपल्या कारंजाहून प्रकाशित झाले. संपादक होते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात शिकविणारे डॉ. हिरालाल जैन. भरताने राहण्या-जेवण्याची सोय केली हे इतिहासात येतेच. मला त्याची ती विचारपूस मोठी वाटते. एवढ्या मोठ्या कवीलाही ‘पुढे काय?’ असे विचारणारा कोणी हवा होता, तर बिलबुकाच्या पाठीवर लिहिणारीने त्याची लाज का बाळगावी?

फाल्गुनात एक पोस्टकार्ड आले. मूर्तिजापूरचे एक निवृत्त शिक्षक. पत्नीला दिसत नाही, म्हणून कथा मोठ्याने वाचून दाखविली, असे त्यांनी लिहिले होते. बांगड्यांचे डबे ती बाई रंगांप्रमाणे लावते तो परिच्छेद पत्नीने पुन्हा वाचावयास लावला. खाली जागा उरली नव्हती, म्हणून पत्त्याच्या बाजूस बारीक अक्षरांत एक ओळ होती: पुढचा भाग असल्यास कळवावे.

पुढचा भाग नव्हता. आता आहे, बावीस पानांचा. सासूबाईंना त्यात त्या बाईचा दीर सुधारलेला हवा आहे. मला ते पटत नाही, आणि त्यावरून आमच्यात रोज थोडा वाद होतो. सध्या गाळ्याच्या दारी एक भाडेकरू येऊन बसला आहे. भाडे किती सांगावे आणि अनामत किती महिन्यांची घ्यावी, हे बाबूजींना विचारायला मी उद्या दुकानात जाणार आहे.