बर्फांतील चाकोरी

प्रवासवर्णन लिहावें असा आमचा पिंड नाहीं. जुनी मॅट्रिक झाल्यापासून सेवानिवृत्तीपर्यंतचा सारा काळ शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. प्रवास म्हणाल तर काशी आणि रामेश्वर. हिमालय आम्हीं पाहिला तो ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गांत. अशा मनुष्यानें साठी उलटल्यावर स्वीडन देशीं जाऊन गुडघाभर बर्फांत उभें राहावें, आणि परत येऊन वाचकांस त्याची हकीकत सांगावी, याचें कारण आमची नात.

आमची कन्या व जावई गेलीं कित्येक वर्षें स्टॉकहोमपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर वेस्टेरोस या गांवीं राहतात. विजेच्या यंत्रांच्या मोठ्या कारखान्यामुळें तेथें आपल्या इकडील अभियंत्यांचीं बरींच बिऱ्हाडें आहेत. नात तेथें गेली तेव्हां तीन वर्षांची होती. आठव्या वर्षापासून ती तेथील एका मंडळांत स्कीइंग शिकते. पायांस दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधावयाच्या, दोन हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या, आणि बर्फावरून मैलोगणती जावयाचें, असा हा खेळ. उंच कड्यावरून भरधांव घसरत येणारीं माणसें आपण चित्रपटांत पाहतों, तो प्रकार निराळा. यांत चढही आहे, उतारही आहे, आणि न संपणारी सपाटीही आहे. ओढणारें यंत्र काय तें एकच, स्वतःचें काळीज.

२०२४ च्या जानेवारींत कन्येचा दूरध्वनि आला. “बाबा, तुम्ही या. हिला तुमच्याशिवाय कोणी समजावूं शकणार नाहीं.” प्रकरण असें होतें. तिकडे नववीनंतर तीन वर्षांचें माध्यमिक शिक्षण असतें, आणि कांहीं विद्यालयांत अभ्यासाच्या जोडीनें स्कीइंगचें पद्धतशीर शिक्षण देतात. अशीं विद्यालयें बहुधा बर्फाच्या मुलखांत. तेव्हां मुलांनीं पंधराव्या-सोळाव्या वर्षीं घर सोडून तेथें खोली घ्यावयाची आणि हातानें रांधून खावयाचें. नातीनें तेथें अर्ज केला होता. ज्या मुलीचें गणित इतकें चांगलें, तिनें बर्फांत आयुष्य कां घालवावें, असें जावईबापूंचें म्हणणें. एवढीशी पोर एकटी कशी राहील, असें कन्येचें. जन्मभर मुलांना समजावण्याचाच धंदा केलेला असल्यामुळें आम्हांस यांत अवघड कांहींच वाटलें नाहीं. विमानांत बसल्या बसल्या आम्हीं चार सुभाषितें जुळवून उपदेशाचा आराखडाही तयार केला.

फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यांत तेथील शाळांना हिवाळी सुटी असते. त्या सुटींत मंडळाचीं सात मुलें एका शर्यतीसाठीं उत्तरेकडे निघालीं. मोटारींत एक जागा रिकामी होती, ती नातीनें आमच्यासाठीं मागून घेतली. “तुम्ही डोळ्यांनीं पाहून या, मग काय तें बोला,” असें सौभाग्यवतींनीं निघतांना बजावलें. आमच्या लहानपणीं नाटक मंडळीचा मुक्काम गांवांत पडत असे. त्या बिऱ्हाडाची आठवण व्हावी असा हा संसार होता. छपरावर पट्ट्यांच्या लांब पिशव्या, मागें मेणाच्या पेट्या, भातासाठीं एक पातेलें, आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःच्या चादरी. कारण भाड्याच्या लांकडी घरांत अंथरूण आपलें आपण न्यावें लागतें. मोटार चालविणारे गृहस्थ एका मुलाचे वडील, दिवसभर कचेरींत काम करणारे. मंडळाचे शिक्षकही तेच, आणि रात्रीं भांडीं विसळतांनाही तेच. वेतन कांहीं नाहीं. सहा तासांच्या प्रवासांत पाइन आणि स्प्रूस या वृक्षांखेरीज कांहीं दिसलें नाहीं. मुलें झोंपलीं होतीं, उठून ओटची लापशी खात होतीं, पुन्हां झोंपत होतीं. कोणी शिंकलें कीं सर्वांच्या माना वळत. सर्दी म्हणजे या लोकांचा कळिकाळ! एकाला झाली कीं दोन आठवडे धांवणें बंद, आणि सगळा हंगाम जेमतेम चार-पांच महिन्यांचा. म्हणून स्पर्धेच्या दिवसांत हस्तांदोलन करणेंही हे टाळतात. हात जोडून नमस्कार करण्याची आपली पद्धत त्यांना फार पसंत पडली, हें येथें अभिमानपूर्वक नमूद करतों.

मुक्कामीं पोंचल्यावर खरें काम सुरू झालें, तें मेणाचें. हें एक स्वतंत्र शास्त्रच आहे. बर्फावर यंत्रानें दोन समांतर खांचा पाडून ठेवलेल्या असतात. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांनीं पडते तशी ही चाकोरी. जुन्या पद्धतीच्या शर्यतींत तिच्यांतूनच जावयाचें. पट्टी धनुष्याप्रमाणें मध्यें किंचित् उचललेली असते. पाय दाबला म्हणजे मधला भाग बर्फास टेकून पकड मिळते, दाब सुटला कीं तो वर येतो आणि पट्टी पुढें घसरते. म्हणून टोकांना घसरण्याचें मेण इस्तरीनें वितळवून लावतात, आणि मध्यें पकडीचें. हें पकडीचें मेण थंडीच्या मानानें बदलतें: कडक थंडीस हिरवें, तिच्याहून कमीस निळें, मग जांभळें, आणि पाणी गोठण्याच्या सुमारास तांबडें. रागांना प्रहर असतात तसा हा प्रकार. निळ्याच्या वेळीं तांबडें लावलें तर मैफल बसलीच म्हणून समजा. पूर्वीं फ्लुओरीनयुक्त मेणही वापरीत. परंतु तीं द्रव्यें निसर्गांत नाश पावत नाहींत आणि प्रकृतीसही अपायकारक, म्हणून २०२३–२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्यांस पूर्ण मज्जाव केला.

मेण लावण्यास मदत करावयास तेथें मंडळाचीच एक चोवीस वर्षांची माजी विद्यार्थिनी आली होती. तिचें आयुष्य म्हणजे आमच्या नातीनें मागितलेलें आयुष्य. म्हणून आम्हीं तिच्याजवळच बांक ओढून घेतलें. ती आमच्याशीं इंग्रजींत बोलत होती, हात मात्र इस्तरीवर. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत एका अंथरुणांत सलग पंधरा दिवस ती झोंपलेली नाहीं. विश्वचषकाचा हंगाम बहुधा उत्तर फिनलंडमधील रूका येथें सुरू होतो, डिसेंबरांत खेळाडू स्वित्झर्लंडमधील दावोसला असतात, आणि मार्चांत ऑस्लोजवळच्या होल्मेनकोलेनला. २००६–०७ पासून नाताळ-नववर्षाच्या सुमारास अनेक टप्प्यांची एक मोठी शर्यत असते. तिचा शेवट इटलींतील चेर्मीस नांवाच्या डोंगरावर, लोक जेथें उतरावयास जातात तेथें चढून, होत आलेला आहे. या सर्वांत उत्तम खेळाडूंना संघ असतो, कित्येक डझन पट्ट्या असतात, मेणासाठीं खास मोठी मालमोटार असते. हिला तेथें दोन-तीन वेळांच बोलावणें आलें. एरव्हीं तिची जुनी मोटार, आणि मेणकरी म्हणून वडील. उन्हाळ्यांत ती एका दुकानांत काम करते आणि चाकें लावलेल्या पट्ट्यांवर डांबरी रस्त्यानें सराव करते. वर्षाकांठीं सरावाचे तास आठशें भरतात. मिळकत किती, असें विचारण्याचा उद्धटपणा आम्हीं केला. “पेट्रोलापुरती,” ती म्हणाली, “चांगल्या वर्षीं.” मग थोड्या वेळानें, आम्हीं न विचारतांच, तिनें सांगितलें कीं, तिची आजी वारली तेव्हां ती फिनलंडमध्यें होती. दुसऱ्या दिवशीं शर्यत होती. आईनें शर्यत होईपर्यंत कळविलेंच नाहीं.

आमचे आजोबा चौदाव्या वर्षीं कोंकणांतून घाट चढून वाईस अध्ययनासाठीं गेले. सात घरीं सात वार लावून ते जेवत. सहा वर्षांनीं परत आले तेव्हां त्यांची आई जाऊन चार महिने झाले होते. पत्र वाटेंत कोठें तरी राहिलें. ही गोष्ट आमच्या घरीं मोठ्या गौरवानें सांगण्यांत येते. त्या रात्रीं लांकडी घरांत पडल्या पडल्या ती आम्हांस निराळीच ऐकूं आली.

नातीची शर्यत दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली. तिनें निळें मेण लावलें होतें. दहा वाजतां ऊन पडलें, बर्फ ओलावलें, आणि चढावर पाय मागें घसरूं लागले. मग काठ्यांवर सगळा भार देऊन, पाय फेंगाडे टाकीत ती कशीबशी वर आली. क्रमांक एकतिसावा. आम्हीं तोंडांतल्या तोंडांत सांत्वनाचे शब्द जुळवीत होतों, इतक्यांत ती येऊन शिक्षकांना म्हणाली, “जांभळें हवें होतें.” एवढेंच. आणि लापशी खावयास बसली.

तेथून आम्ही आठवडाअखेर मूरा या गांवीं गेलों. घरचीं सर्व माणसें तेथें आम्हांस मिळालीं. मार्चच्या पहिल्या रविवारीं तेथें वासालोप्पेट नांवाची शर्यत असते, सेलेनपासून मूरापर्यंत ९० किलोमीटर. तिची कथा आपल्या वाचकांना आवडेल अशी आहे. १५२० च्या नोव्हेंबरांत डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिश्चन यानें स्टॉकहोमला सरदारांची कत्तल केली. गुस्ताव वासा नांवाचा तरुण निसटून या प्रांतांत आला आणि मूराच्या लोकांस उठाव करण्याविषयीं विनवूं लागला. लोकांनीं मानलें नाहीं. तो निराश होऊन नॉर्वेकडे निघाला. मागाहून लोकांचें मन पालटलें आणि त्यांनीं दोन स्कीपटूंना त्याच्यामागें पिटाळलें. त्यांनीं त्यास सेलेनजवळ गांठून परत आणिलें अशी परंपरा आहे. ६ जून १५२३ रोजीं तो स्वीडनचा राजा झाला. आग्र्याहून सुटकेची गोष्ट शेंकडों वेळां वर्गांत सांगितलेल्या मनुष्यास हें ऐकून किती आनंद झाला असेल! फरक इतकाच कीं, आमच्या महाराजांना परत बोलावण्यास कोणास जावें लागलें नाहीं. मूरा येथें चित्रकार अँडर्स झोर्न यानें घडविलेला गुस्तावाचा पुतळा आहे, त्यास आम्हीं नमस्कार केला.

शर्यत १९२२ सालीं एका वृत्तपत्राच्या संपादकाच्या सूचनेवरून सुरू झाली. त्या वर्षीं ११९ जण निघाले. एर्न्स्ट आल्म हा बावीस वर्षांचा तरुण साडेसात तासांनीं पहिला आला. आतां पंधरा हजारांवर माणसें निघतात, आणि पुढारी चार तासांच्या आंतबाहेर पोंचतात. पण आम्हांस थांबविलें तें एका दुसऱ्याच नांवानें. १९२३ सालीं मार्गित नूर्दिन नांवाच्या व्यायामशिक्षिकेनें ही शर्यत दहा तासांहून थोड्या अधिक वेळांत पुरी केली. बाईमाणसाच्या प्रकृतीस हें झेपावयाचें नाहीं असा त्या काळचा समज. जी झेपवून दाखविते तिला पाहूनही समज बदलत नाहीं, हें तिकडेही तसेंच! १९२४ पासून स्त्रियांना बंदी झाली, आणि ती उठली १९८१ सालीं. विश्वचषकांत तर स्त्री-पुरुषांचीं अंतरें सारखीं झालीं तीं २०२२–२३ च्या हंगामापासून. हें सर्व नातीस ठाऊक होतें. तिनें आम्हांस मागें कधीं सांगितलें नव्हतें, कारण आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकांत आपले जगदीश सिंग १५ किलोमीटरांच्या शर्यतींत १०३ वे आले, हेंही तिनेंच सांगितलें, आणि तें क्रमांक सांगतांना तिचा स्वर पडला नाहीं.

वाटेंतल्या ठाण्यांवर स्पर्धकांना ऊन ऊन ब्लूबेरीचें सूप देतात. आम्हीं चाखून पाहिलें. रंग थेट आमसुलाच्या साराचा, पण गोड. विजेत्यांस पुष्पहार घालण्याचा सोहळा पाहून गर्दी पांगली, तरी नात चर्चजवळच्या कमानीपाशींच उभी राहिली, आणि तिच्याबरोबर आम्हीही. अंधार पडला. दिव्यांच्या उजेडांत माणसें येतच होतीं. कोणी आमच्या वयाचे, कोणी लंगडणारे, एकाच्या मिशांवर बर्फाचे मणी. कोणाचेंही नांव दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत यावयाचें नव्हतें. ठाण्यांवर ठरलेल्या वेळेनंतर वाट बंद करतात. ज्यांना अडविलें ते मोटारगाड्यांतून परत येऊन पाय ओढीत उतरत होते.

आराखडा काढण्याची हीच वेळ, असें जाणून आम्हीं आरंभ केला. “बाळ, समज तूं कधींच पहिली आली नाहींस. तर?”

तिनें कमानीवरची नजर न काढतां विचारलें, “आजोबा, तुमच्या वर्गांतून संस्कृतचे पंडित किती निघाले?”

प्रश्नांत टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हीं मनांत हिशेब केला. पस्तीस वर्षें. दोन. तेंही दुसऱ्याविषयीं आम्हांस थोडी शंका आहे.

“दोन,” आम्ही म्हणालों.

“मग बाकीच्यांना कां शिकवलंत?”

चोवीस वर्षांची ती मेणवाली मुलगी सुमारें त्याच सुमारास, शर्यत संपवून कपडे बदलून, आम्हांस दिसली. ती किती वेळांत आली तें नातीनें विचारलें, आणि दोघी त्यांच्या भाषेंत मेणाविषयीं बोलूं लागल्या. चारही सुभाषितें आमच्यापाशींच राहिलीं.

रात्रीं कन्येनें विचारलें, “बाबा, बोललांत का तिच्याशीं?”

“बोललों.”

“मग?”

“खोली घेशील ती आधीं स्वतः पाहून घे. न्हाणीघर स्वतंत्र असावें. आणि शर्यत असली तरी घरचें बरेंवाईट तिला त्याच दिवशीं कळवीत जा.”

जावईबापू कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दोन दिवस आमच्याशीं अबोला धरला, तो विमानतळावर सुटला. सौभाग्यवतींनीं एकच विचारलें, “जेवणाचें काय?”

ऑगस्टांत नात राहावयास गेली. दर रविवारीं तिचा दूरध्वनि येतो. पहिल्या हंगामांत सर्दीनें तिच्या तीन शर्यती बुडाल्या, एकींत ती अकरावी आली, आणि गणितांत तिचे गुण थोडे उतरले आहेत, हें जावईबापूंनीं आम्हांस आवर्जून कळविलें. मागच्या रविवारचा निरोप असा कीं, शर्यतीच्या आदल्या रात्रीं मऊ भात व मेतकूट खाण्याची संवय तिच्यासह राहणाऱ्या दोघी स्वीडिश मुलींनाही लागली आहे. तरी आजीनें या खेपेस डबा मोठा पाठवावा.