आजोबांची रायफल : भोक पाडायचं की नाही?

आजची पोस्ट राजकारणावर नाही, पण कायद्याचा विषय आहे, म्हणून जरा वाचा.

माझ्या मामेभावाकडे आजोबांची .३१५ रायफल वारसाने आलीय, रीतसर परवान्यासह. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, ली-एनफिल्ड धाटणीची. इंग्रजांनी लष्कराची .३०३ सामान्य माणसाला बंद ठेवली होती, म्हणून ही .३१५ आपल्याकडे रुळली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. आता निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, एवढाच तिचा प्रवास.

भाऊ म्हणतो, "दादा, कपाटात पडून राहण्यापेक्षा वर दुर्बीण बसवू, फायबरचा दस्ता टाकू, पॉलिश मारू. रेंजवर तरी चालवता येईल." मामी म्हणते, "मामंजींचा हात फिरलेलं लाकूड आहे ते, हात लावायचा नाही." आठवडाभर घरात हाच वाद.

अमेरिकेत हा वाद जुनाच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे स्प्रिंगफील्ड, माउझर, ली-एनफिल्ड अशा लष्करी रायफली स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी शिकारीसाठी दस्ते कापले, नळ्या आखूड केल्या, दुर्बिणीसाठी भोकं पाडली. माल मुबलक होता, कुणाला काही वाटलं नाही. आज संग्राहक मूळ स्थितीतल्या नगाला कितीतरी जास्त पैसे मोजतात. कापलेल्याची किंमत उतरते. लाकूड परत बसवता येतं, पण पोलादाला पडलेलं भोक भरलं तरी खूण राहतेच.

आपल्याकडे तर पैशाआधी कायदा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही आणि ओळखीचा नंबर खोडणं, बदलणं गुन्हा आहे. पॉलिशवाल्याने जोरात घासलं आणि नंबर पुसट झाला, तर परवाना नूतनीकरणाला साहेबासमोर उत्तर परवानाधारकालाच द्यावं लागणार. त्यामुळे काम परवानाधारक कारागिराकडेच, आणि आधी शस्त्र शाखेत विचारून.

भावाचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. वस्तू वापरात असली की तिची निगा राहते, नाहीतर गंज खातो. पण माझा हिशोब साधा आहे : जो बदल उद्या काढता येतो, तो करा. तेलपाणी करा, गंज काढा, नवा दस्ता हवाच तर लावा, पण जुना कापडात गुंडाळून जपा. भोक मात्र नको. रेंजवर मूळच्या माशीनेही नेम धरता येतो. आजोबा तसेच धरायचे.

भावाने अजून ठरवलेलं नाही. रायफल त्याच्या नावावर आहे, शेवटचा शब्द त्याचाच. पण त्याच्यानंतर ती त्याच्या मुलीकडे जाणार, तिचाही विचार त्याने करावा, एवढंच मी त्याला सांगितलंय.

तुमच्या घरी वाडवडिलांची बंदूक आहे का? ठासणीची असो वा रायफल, तुम्ही काय केलंत? कमेंटमध्ये सांगा. फक्त परवान्याचे नंबर आणि फोटो टाकू नका.