निरूपणाला एको नको

सप्ताहाच्या मांडवात मिक्सरवर बसायला लागून मला बावीस वर्षं झाली. तरी बुवा कीर्तनाला उभे राहिले, की माझा डावा हात आपसूक एकोच्या बटणावर जातो आणि कीर्तन संपेपर्यंत तिथून फारसा हलत नाही.

माण तालुक्यातलं आमचं गाव. अखंड हरिनाम सप्ताह देवळासमोरच्या पत्र्याच्या सभामंडपात होतो. मी अठरा वर्षांचा असताना मामाने पॉवर्ड मिक्सर घेतला. तोवर मिक्सर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा आणि मधे वायरींचा गुंता. या मशीनमध्ये सगळं एकाच डब्यात होतं: आठ चॅनेल, नऊ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर, एको आणि आत दोन अ‍ॅम्प्लिफायर. एका स्विचने ते दोन्ही बाहेरच्या बॉक्सना देता येत, नाहीतर एक बॉक्सना आणि दुसरा बुवांच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरला. मामा कायम दुसरी जोडणी करायचा. बुवांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, तर ते गळा ताणतात आणि तासाभरात आवाज बसतो.

पहिल्यांदा मशीन माझ्या हातात दिलं, त्या संध्याकाळी मागच्या बायकांकडून निरोप आला, "आवाज लागत न्हाई." मी बुवांचा फेडर वर सरकवला. पुन्हा निरोप. पुन्हा वर. आणि भर निरूपणात माईकने कुईंऽऽ करून अशी शिट्टी मारली, की मांडीवरची पोरं दचकून रडायला लागली. बुवा वाक्य अर्धं सोडून थांबले. टाळकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामा मागून उठून आला. त्याने बुवांच्या फेडरला हातही लावला नाही. टाळकऱ्यांसमोरचा माईक अर्ध्यावर आणला, पखवाजाचा बेस उतरवला, मॉनिटर थोडा कमी केला. मग दोघांनी मिळून दोन्ही बॉक्स स्टँडसकट चार पावलं पुढे, बुवांच्या माईकच्या पुढच्या बाजूला नेले. परत बसला तेव्हा बुवांचा शब्द पार शेवटच्या रांगेपर्यंत लखलखीत पोचत होता. "काय वाढवायचं ते मागनं बघ," मामा म्हणाला, "आधी काय कमी करायचं ते बघत जा."

शिट्टी का होते, ते त्या रात्री त्याने मला समजावलं. बॉक्समधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, असं चक्र सुरू होतं. पत्र्याखाली तर आवाज वरूनही उलटून येतो. हूऽऽ असा घुमला, तर २५० किंवा ५०० हर्ट्झची पट्टी थोडी खाली घ्यायची. कुईं केलं, तर दोन ते चार हजारांच्या आसपास शोधायचं. कीर्तनाच्या आधी मांडव रिकामा असताना फेडर हळूहळू चढवत न्यायचा आणि माईक जिथे पहिल्यांदा कुरकुरतो, ती पट्टी ओळखून ठेवायची.

पण खरी अडचण पुढेच आहे. क, त, स, च ही व्यंजनं ज्या पट्ट्यांत स्पष्ट होतात, तिथेच शिट्टीही बसलेली असते. शिट्टी बंद करायची म्हणून ती पट्टी तळाला नेली, की बुवा तोंडावर घोंगडी घेऊन बोलतायत असं वाटतं. आवाज मोठा असतो, पण शब्द कळत नाही. अनेक मांडवांत हेच चाललेलं असतं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी त्या पट्टीला तीन डेसिबलपेक्षा जास्त कधी कापत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर उठून बॉक्स हलवतो, माईक बुवांच्या तोंडाजवळ आणतो.

गेनचंही तसंच. सुरुवातीला बुवा शांत बोलतात, त्या आवाजावर गेन लावला तर गजरात लाल दिवा पेटतो आणि आवाज फाटतो. "हॅलो, चेक" म्हणून घेण्यात काही अर्थ नाही. मी हात जोडून विनंती करतो, "महाराज, एकदा गजर म्हणा." बहुतेक जण हसून म्हणतात.

एकदा काल्याच्या दिवशी गर्दी वाढली, म्हणून बाहेरच्या दोन बॉक्सना आणखी दोन जोडले. आठ ओहमचे दोन बॉक्स मिळून चार ओहम, मशीनला तेवढंच झेपत होतं. चार लावले की दोन ओहम. वीस मिनिटांत मशीन तापून बंद पडलं. जादाचे दोन काढले, टेबल फॅन लावून ते थंड केलं, आणि तोवर बुवा तसेच खड्या आवाजात बोलत राहिले.

आता एकोचं. चाल लागली, टाळ-मृदंग भरात आले की थोडा एको शोभतो. गाण्याला अंग येतं. पण चाल संपून बुवा बोलायला लागले, की त्याच क्षणी तो शून्यावर आला पाहिजे. निरूपणावर एको सोडणं म्हणजे एका शब्दावर दुसरा शब्द ओतणं. बुवा दृष्टांत सांगत असतात, म्हातारी माणसं कानामागे हात धरून बसलेली असतात, आणि आपण त्यांच्यापर्यंत शब्दाची सावली पोचवत असतो. काही बुवा स्वतःच म्हणतात, "साऊंडवाले, एको वाढवा." मी मान डोलवतो, पुढची चाल येईपर्यंत थांबतो आणि मग वाढवतो.

रात्री दहाच्या आत सगळं बंद करायचं असतं. आधी सगळे फेडर खाली, मग मास्टर, मग मशीनचा स्विच. नाहीतर बॉक्स धाडकन दणका देतो. पंख्याची घरघर थांबते. मग कोपऱ्यातून पहाऱ्याच्या वीणेची तार ऐकू येते. माईकशिवाय ती रात्रभर चालू असते. मी वायरी गुंडाळतो आणि थोडा वेळ तिथेच बसून राहतो.