सायकल वाहून नेताना

आमच्या घरी सायकल आली ती ओझं वाहण्यासाठी. अण्णा साखर पेठेतल्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला होते. तिथे सुताच्या कोनांची पोती आत यायची आणि विणून, कापून, घड्या घालून झालेल्या चादरींचे गठ्ठे बाहेर पडायचे. मोठा माल हातगाडीवरून जाई. पण नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानदाराला थोड्या चादरी तातडीने हव्या असल्या, की तो गठ्ठा अण्णांच्या काळ्या ॲटलसवर चढायचा. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या कारखान्याच्या या सायकली तेव्हा सोलापुरात जिथे तिथे दिसत. गिरणीचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई, आणि बहुतेकींच्या मागे काही ना काही बांधलेलं असे. जेवणाचा डबा, ज्वारीचं पोतं, नाहीतर पेंगुळलेलं लहान मूल.

सायकलीबरोबर आलेलं स्प्रिंगचं कॅरिअर अण्णांनी लगेच काढून टाकलं. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलचं रुंद कॅरिअर करून घेतलं आणि त्याचे दोन्ही पाय खाली आणून मागच्या चाकाच्या आसावर नटाने आवळले. वजन मडगार्डवर न येता थेट आसावर यावं, एवढाच त्यामागचा विचार. बांधायला ते सुतळी वापरत नसत. पंक्चरवाल्याकडच्या बाद ट्यूबा उभ्या कापून केलेल्या रबरी पट्ट्या त्यांच्या पिशवीत कायम असत. खड्ड्यांतून जाताना गठ्ठा दबतो तेव्हा सुतळी सैल पडते, रबर मात्र त्याच्याबरोबर आखडतं आणि पकड सोडत नाही. पट्टी फुलीत फिरवायची, शेवटचं टोक कॅरिअरच्या खालून ओढून घ्यायचं आणि मग दोन्ही हातांनी गठ्ठा धरून जोरात हलवायचा. "गठ्ठ्यासंगट सायकल हलली तर बांधलंय. नुसता गठ्ठा हलला तर सोड आणि परत बांध," असं ते सांगायचे.

दुसरी गोष्ट त्यांनी मला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दाखवली. संक्रांतीला सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. पांढरी बाराबंदी घातलेला एक भक्त तो उंच, जड ध्वज तोलून धरतो आणि गर्दीतून पुढे जातो. गर्दी ध्वजाच्या टोकाकडे बघत असायची, अण्णा मला बुंध्याकडे बघायला लावायचे. ध्वज अंगाला किती लागून धरलाय बघ. तोच हातभर पुढे गेला तर चौघांनाही आवरायचा नाही. ओझं अंगाजवळ असावं, ही शिकवण मला विज्ञानाच्या पुस्तकातल्या तरफेच्या धड्याआधी तिथे मिळाली. पुढे शाळेत तो धडा शिकवताना मी मुलांना नंदीध्वजाचंच उदाहरण देत आले.

बी.एड.साठी मी पुण्याला निघाले तेव्हा माझी लेडीज सायकल बरोबर न्यायची ठरली. आजवर आमचं ओझं वाहणारी वस्तू तेव्हा प्रथमच स्वतः ओझं झाली. त्या वेळच्या एसटीच्या टपावर लोखंडी जंगला असे आणि मागे चढायला शिडी. हमालाने सायकल वर घेतली, पण बांधायला अण्णा स्वतः चढले. चेनची बाजू वर येईल अशी त्यांनी सायकल आडवी केली, हँडल फिरवून दांडीला समांतर बांधलं आणि पुढचं चाक फिरू नये म्हणून त्यालाही एक पट्टी घातली. मग जंगला आणि सायकल एकदम हलेपर्यंत हलवून पाहिलं. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरांत गाडी किती आदळली असेल, पण स्वारगेटला सायकल उतरली ती एकही ओरखडा न घेता. पुढे परतताना ती गोणपाटात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमधून आणली. गरिबाच्या सायकलीलाही लांबच्या प्रवासात हक्काची जागा होती, हे आज मुद्दाम सांगावंसं वाटतं.

बऱ्याच वर्षांनी धाकट्या भावाकडे अमेरिकेत, मिनेसोटात गेले. त्याच्या गाडीच्या मागच्या बंपरखाली लोखंडाचं एक चौकोनी तोंड होतं. ट्रेलर ओढण्यासाठी थेट चासीला बोल्टने जोडलेलं. त्यात चौकोनी पाइप सरकवायचा, आरपार पिन घालायची, की सायकलींचा रॅक तयार. "अक्का, आधी तोंड मोज, मग रॅक बघ," तो म्हणाला. ही तोंडं मुख्यतः दोन मापांची असतात, सव्वा इंची आणि दोन इंची. लहान गाडीच्या सव्वा इंची हुकावर खाली साधारण ९० किलोपर्यंत भार चालतो असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा हुकाच्या तोंडाशी पडणाऱ्या वजनाचा. रॅकवर सायकली गाडीपासून लांब लटकतात, आणि गाडी गतिरोधकावर उसळते तेव्हा त्याच सायकलींचा हिसका वजनापेक्षा कितीतरी जास्त बसतो. मला अण्णांनी दाखवलेला नंदीध्वजाचा बुंधा आठवला.

तिथे दोन प्रकारचे रॅक दिसले. एकात दोन आडवे हात असतात आणि सायकल तिच्या आडव्या दांडीने त्यांवर लटकते. हा हलका आणि स्वस्त. पण लेडीज सायकलीला ती सरळ दांडीच नसते, मुलांच्या सायकलीला ती आखूड असते. मग सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत वेगळी जोडदांडी लावावी लागते. दुसऱ्यात खाली पन्हाळीसारखे ट्रे असतात, त्यांत चाकं उभी राहतात आणि वरून एक आकडा चाक दाबून धरतो. तो महाग आणि जड, पण सायकलीच्या दांडीला काहीच लागत नाही आणि बॅटरीची जड सायकलही त्यावर राहते. दोन्हींत खरी परीक्षा पिनेपाशी. चौकोनी तोंडात पाइपला थोडीशी मोकळीक राहतेच, आणि तेवढा खेळ वाटभर खडखडत लोखंड थकवतो. म्हणून चांगल्या रॅकला पाइप एका बाजूला दाबून धरणारा जादा बोल्ट असतो. भावाने पूर्वी वापरलेला, लटकवायचा रॅक घेतला होता, पण त्याला हा बोल्ट होता. मी दोन्ही हातांनी सायकल हलवली. गाडी हलली.

गाड्यांवर सामान लादण्याच्या या वस्तूंत जगभर नाव असलेली थुले ही स्वीडिश कंपनी. एरिक थुलिन यांनी १९४२ साली ती सुरू केली तेव्हा तिथे मासे पकडण्याचे सापळे बनत. त्या मालाचा दर्जा चांगला असतो यात शंका नाही, पण तिच्या एका चांगल्या रॅकच्या किमतीत आपल्याकडे दोन-तीन साध्या सायकली येतात. मिनेसोटात मला त्याहून मोलाची वाटलेली गोष्ट वेगळी होती. मिनिॲपोलिसच्या शहरबसच्या नाकावर एक घडीचा रॅक असे. माणूस थांब्यावर येई, रॅक खाली ओढी, सायकल ठेवी आणि बसमध्ये चढे. गाडी नसलेल्यालाही सायकल लांब नेता येई.

हे सगळं सोलापुरात माझ्या कामी आलं ते नातीमुळे. तिला सायकल चालवायला मोकळा रस्ता हवा होता. आमच्या घरापासून कुठेही निघालं तरी पुणे-हैदराबादचा किंवा विजापूरचा महामार्ग लागतो, आणि मालट्रकच्या त्या रांगेत मूल सोडायला कुणाचं मन धजावणार? महामार्ग सोडून आत वळलं की मात्र सोलापूर जिल्ह्यासारखा सायकलीचा मुलूख नाही. सपाट रान, हिवाळ्यात दोन्ही हातांना ज्वारी, क्वचित एखादं वाहन. तेव्हा तेवढा महामार्ग गाडीने ओलांडायचा आणि सायकली बरोबर न्यायच्या, हाच उपाय उरला.

भावाच्या गाडीसारखा हुकावरचा रॅक मला आवडला होता. साठी ओलांडलेल्या बाईला सायकल टपावर चढवणं जमत नाही, हुकावर ती गुडघ्याच्या उंचीला ठेवता येते. पण आपल्याकडच्या लहान गाड्यांना तसं चौकोनी तोंड कंपनीतून येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चौकोनी पाइप आणि जाड फ्लॅट पट्टी वापरून तो करून देणारे हात आहेत, कामही नीट करतात. मी त्यांच्याशी बोलले, मापं घेतली आणि तरी थांबले. बंपरला वेल्डिंग करून चालत नाही, हूक चासीलाच बोल्टने जोडावा लागतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे. त्यामुळे हूक बसवायचाच तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. शिवाय हुकावरच्या सायकली नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षेची पाटी आली आहे, ती साध्या दुकानातून दुसरी करून रॅकवर लावता येत नाही. नुसता हूक मागे राहिला तर पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागतो, हेही आहेच. ज्यांच्या जीपला ओढण्याचा हूक आधीपासून आणि नोंदणीसकट आहे, त्यांच्यासाठी हा रॅक उत्तम. माझ्या गाडीसाठी तो नव्हता.

टपावरच्या रॅकने प्लेट दिसते, पण सायकलीसकट गाडी अडीच मीटरच्या वर जाते. रेल्वेखालचा बोगदा किंवा इमारतीचं पार्किंग आलं की पोटात गोळा येतो, आणि वारा कापताना पेट्रोलही जास्त जातं. शेवटी मी डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बसणारा रॅक घेतला. वरचे आकडे दाराच्या पत्र्याच्या कडेला, खालचे पाय बंपरवर, आणि पट्ट्या तिन्ही बाजूंनी. सायकली उंच राहतात, नंबरप्लेट उघडी राहते, घरी आल्यावर सगळं घडी करून माळ्यावर जातं. घेण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. आकडे पत्र्यावर बसतात की प्लास्टिकच्या स्पॉयलरवर, कारण स्पॉयलर वजन धरत नाही. पट्टीचं बक्कल दातेरी, न सरकणारं आहे का. आणि दोन सायकलींचं वजन रॅकवर लिहिलेल्या मर्यादेच्या बरंच आत आहे का. माझ्या लेडीज सायकलीसाठी जोडदांडी घेतली. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येणार नाही अशी दिशा ठरवली, कारण त्या गरम वाफेने रबर वितळतं. हँडल आणि पुढची चाकं बांधायला ट्यूबच्या पट्ट्याच वापरते. अशोक चौकातल्या पंक्चरवाल्याने त्या कापून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

पहिल्यांदा आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो. विजापूर रस्त्यावर थोडं गेल्यावर गाडी थांबवून सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळल्या. नव्या पट्ट्या पहिल्या काही किलोमीटरांत ताणून सैल पडतात, हे कुणीही रॅक घेतला तरी लक्षात ठेवावं. आतल्या रस्त्याला वळून सायकली उतरवल्या. तिथून पुढे नात पुढे आणि मी मागे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या त्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. नातीने तो बोट न लावता, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला. गाडीने थेट दारात गेलो असतो तर तिला तो एवढा वेळ पाहावासा वाटला असता का, मला शंका आहे. स्वतःच्या पायांनी पोचलेल्या जागेकडे मूल वेगळ्या नजरेने बघतं. नंतर नळदुर्गच्या किल्ल्याला गेलो, बोरी नदीवरचं पाणी महालाचं धरण पाहिलं. आता नान्नजच्या माळाकडची वाट धरायची आहे.

एवढ्या शोधातून माझं मत पक्कं झालं आहे. कमी पैशांत रॅक घ्यायचा तर रंग, नाव आणि सायकलींची मोठी संख्या यांवर पैसे घालवू नका. पट्टी, बक्कल आणि पिन यांवर घाला, आणि आपल्या गाडीला जे साजेल तेच घ्या. लहान गाडीला आणि दोन साध्या सायकलींना पट्ट्यांचा रॅक पुरतो.

आणि एक मागणं आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मुलांनाही हे रस्ते मिळायला हवेत. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल जात होती, आताच्या बसना तो जंगलाही नाही आणि शिडीही. एसटी महामंडळाने आणि आपल्या महापालिकेच्या परिवहन विभागाने निदान काही मार्गांवर बसच्या पुढे दोन सायकलींचा घडीचा रॅक लावून पाहावा. तो इथल्याच एमआयडीसीत बनू शकतो. सोलापूर-अक्कलकोट आणि सोलापूर-पंढरपूर या मार्गांपासून सुरुवात करावी.