ई, सी आणि जी

आम्हा शिक्षकांना पेन्शनच्या बाबतीत कधी काही निवडावं लागलंच नाही. शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन मिळणार हे ठरलेलं, वर महागाई भत्ता. शेअर बाजार चढो की पडो, आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी हे चित्र बदललं. खासगी नोकरीत तर असं पेन्शन बहुतेकांना नव्हतंच.

आमची सूनबाई पुण्यात एका खासगी कंपनीत आहे. वय ४२. यंदा कंपनीमार्फत तिचं राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, म्हणजे एनपीएसचं, खातं उघडलं. पैसे कुठे गुंतवायचे हे मात्र तिनेच ठरवायचं. ई म्हणजे शेअर्स, सी म्हणजे कंपन्यांचे कर्जरोखे आणि जी म्हणजे सरकारी रोखे.

"बाबा, मी सगळे जी मध्येच टाकते," ती म्हणाली. कारण मला माहीत होतं. तिच्या वडिलांची आयुष्यभराची पुंजी एका पतसंस्थेत अडकली, ती त्यांच्या हयातीत परत आली नाही. ऑफिसातली मंडळी उलट सांगत होती, ई जास्तीत जास्त ठेव, गेल्या काही वर्षांचा परतावा बघ!

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू १८ वर्षांनी, तिच्या साठीला, सुमारे २८५ रुपयांना मिळेल. नुसत्या सुरक्षिततेने ही शर्यत जिंकणं कठीण. शिवाय सरकारी रोख्यांचा फंड म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते आणि खात्यातला आकडाही खाली येऊ शकतो. मात्र पतसंस्थेसारखे पैसे बुडणं वेगळं आणि आकडा काही काळ उतरणं वेगळं, हेही तिला सांगितलं.

आता दुसरी बाजू. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये साडेआठ हजारांच्या खाली होता. म्हणजे साधारण ६० टक्के घट. सगळे पैसे शेअर्समध्ये असते तर लाखाचे ४० हजार दिसले असते.

एनपीएसमध्ये वयानुसार आपोआप वाटणी करणारा पर्याय आहे. त्यातल्या मध्यम प्रकारात ३५ व्या वर्षापर्यंत शेअर्स ५० टक्के, मग दरवर्षी २ टक्के कमी होत ५५ व्या वर्षी १० टक्के. बेचाळिशीत ३६ टक्के. तशीच पडझड झाली तर शेअर्सपायी लाखाचे ७८ हजार होतील.

"चालेल तुला?" मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "७८ सोसेन बाबा. ४० बघून मात्र झोप लागणार नाही."

निवड झाली! मी फक्त भागाकार-गुणाकार केले. दर महिन्याला ठरलेलं पेन्शन घेणाऱ्याने धाडसाचे सल्ले देणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं. आमची जोखीम सरकारने उचलली होती, तिची तिलाच उचलायची आहे.

तुमच्या घरी असा फॉर्म आला तर आधी वय बघा, मग किती घट सोसवेल ते स्वतःला विचारा. गेल्या वर्षीचा परतावा सगळ्यात शेवटी.